दिवेलागण ते निजानीज : मुलांना श्रद्धा आणि वळण लावायची घरगुती रीत

संस्कारवर्गात पाठ झालेला श्लोक मूल घरी येऊन खणखणीत म्हणून दाखवतं आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये कामवाल्या मावशींना कोपराने बाजूला सारून आधी शिरतं. श्लोक आणि लिफ्ट यांची गाठ कोणी घालूनच दिलेली नसते. ती गाठ घरात कशी घालायची, एवढ्यापुरतंच हे लिखाण आहे. वयोगट साधारण 3 ते 12. दिवसाकाठी लागणारा वेळ 20 मिनिटांच्या आत: संध्याकाळी दिव्यापाशी 10, जेवणाआधी 2, झोपताना 7. याहून जास्त ठरवलं तर तिसऱ्या आठवड्यात सगळंच सुटतं.

दिव्यापासून सुरुवात

सगळ्यात आधी एकच गोष्ट बसवा: तिन्हीसांजेचा दिवा. श्लोक, स्तोत्रं, उपास, पारायण हे सगळं नंतर.

वेळ घड्याळाने ठरवू नका. मुंबईत डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वासात वाजून जातात. लंडनला राहणाऱ्या मराठी घरात तर जूनमध्ये रात्री नऊनंतर अंधार पडायला लागतो आणि डिसेंबरात चारच्या आतच. आई-बाबा लोकल पकडून आठला घरी येत असतील तर 'सूर्यास्ताला दिवा' हा नियम चार दिवसही टिकत नाही. म्हणून वेळ प्रसंगाला बांधा: सगळे घरी आले, हातपाय धुतले, की दिवा, त्यानंतर जेवण. उशीर झाला म्हणून देव रागावत नाही, हे मुलाला पहिल्याच दिवशी कळलं तर बरंच.

सामान थोडं लागतं. निरांजन, फुलवात, चहाचा एक चमचा तूप, खाली पितळी ताम्हन किंवा स्टीलची ताटली. एवढं तूप अर्धा-पाऊण तास पुरतं. समई लावायची असेल तर लांब वात आणि तेल. मुलांकडून करून घ्यायला निरांजन सोपं, कारण ते बुटकं आणि बसकं असतं, सहजासहजी कलंडत नाही.

कामं वयाप्रमाणे वाटून द्या आणि ती बदलत ठेवू नका. 3-4 वर्षांच्या मुलाने फुलवात निरांजनात ठेवायची. 5-6 वर्षांच्याने तूप घालायचं. सांडलं तर फडकं त्यानेच आणायचं, ओरडायचं नाही. काडी ओढायला 8 वर्षांच्या आत देऊ नका, आणि त्यानंतरही मोठं माणूस शेजारी उभं हवं. घेरदार फ्रॉक, ओढणी, नायलॉनचे कपडे दिव्याजवळ नकोत. पडदा निदान एक मीटर लांब. काडी पेटवताना अंगापासून दूर ओढायची, जळकी काडी ताटलीत ठेवायची, केरात टाकायची नाही. दिवा तोंडाने फुंकत नाहीत. आपणहून शांत होऊ द्यावा, आणि तसाच शब्द वापरावा, 'विझला' म्हणू नये. या बारीकसारीक गोष्टी मुलं फार चटकन उचलतात आणि मग पाहुण्यांनाही टोकतात.

दिवा लागत नाही म्हणून मूल हिरमुसतं, त्याची कारणं बहुतेक दोनच. थंडीत तूप थिजतं. कोरडी वात वरच्या वर जळून जाते आणि खालचं तूप वितळायच्या आत ज्योत जाते. उपाय: तूप कोमट करून त्यात फुलवाती आधीच भिजवून डबीत ठेवाव्यात. आठवड्याच्या सात वाती रविवारी मुलाकडून भिजवून घेतल्या की रोजची घाईही वाचते. दुसरं कारण, वातीचं टोक फार लांब असतं. ज्योत मोठी होते, काजळी धरते, निरांजन काळं पडतं. टोक जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढं वर ठेवा.

म्हणायचं काय

पहिला आठवडाभर मुलाला काहीही म्हणायला सांगू नका. घरातल्या मोठ्यांनी हात जोडून म्हणायचं: 'शुभं करोति कल्याणं आरोग्यं धनसंपदा, शत्रुबुद्धिविनाशाय दीपज्योति नमोऽस्तुते.' मूल बसलं तर बसलं, खेळत राहिलं तरी चालेल. आठवड्यात ते आपणहून शेवटचा 'नमोऽस्तुते' ओढायला लागतं. मग 'दिव्या दिव्या दीपत्कार, कानी कुंडल मोतीहार' घ्या. लहानांची जीभ आधी यातच रुळते.

पूर्वी यानंतर परवचा व्हायचा: पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे, वार, महिने, तिथ्या. आज सगळं म्हणायची गरज नाही, पण एक पाढा आणि बारा मराठी महिने ठेवाच. पाठांतराची वेळ आणि देवाची वेळ एकच असली की अभ्यास आणि भक्ती हे दोन वेगळे खण होत नाहीत. शिवाय इंग्रजी शाळेतल्या मुलाला 'औट' म्हणजे साडेतीन हे कळतं, तो नफा वेगळाच.

आता मुख्य काम. दर आठवड्याला श्लोकातला एकच शब्द घ्या आणि त्याला घरातलं एक काम जोडा. सोमवारी दिव्यापाशी अर्धा मिनिट अर्थ सांगायचा, आठवडाभर काम करायचं, रविवारी त्यावर भाषण करायचं नाही.

'आरोग्यं' आला की आजीच्या रात्रीच्या गोळीबरोबर पाण्याचा पेला देणं हे मुलाचं काम. गोळी मोठ्यांनीच काढून द्यायची, पेला मुलाने न्यायचा. 'कल्याणं' या आठवड्यात सोसायटीच्या रखवालदाराला, कचरा नेणाऱ्या दादांना नावाने हाक मारायची. त्यासाठी आधी नाव विचारावं लागतं आणि बऱ्याच घरांत मोठ्यांनाही ते माहीत नसतं. 'धनसंपदा' साठी मुठीचा डबा, तो पुढे येतोच.

'शत्रुबुद्धि' हा शब्द सगळ्यात कामाचा आहे. यात शत्रूचा नाश मागितलेला नाही, शत्रुत्वाच्या बुद्धीचा मागितला आहे, आणि ती बुद्धी आपल्यातही असते. ज्ञानेश्वरीच्या शेवटी पसायदानात हेच आहे: 'जे खळांची व्यंकटी सांडो.' खळ नाहीसे होवोत असं ते म्हणत नाही, त्यांचा वाकडेपणा गळून पडो म्हणतं. सात-आठ वर्षांच्या मुलाला हा फरक नीट समजतो. या आठवड्यात ज्याच्याशी भांडण झालं आहे त्या मुलाबद्दल रोज एक खरी, चांगली गोष्ट सांगायची. 'त्याचं अक्षर चांगलं आहे' एवढीही चालते. खोटी स्तुती नको.

इथे एक धोका आहे. वर्गात कोणी मुलाला सारखं मारत असेल, डबा हिसकावत असेल, चिडवून रडवत असेल, तर त्याला 'शत्रुबुद्धी सोड' सांगू नका. ते काम मोठ्यांचं. दुसऱ्याच दिवशी शाळेत जाऊन शिक्षकांना भेटा. क्षमा शिकवण्याच्या नादात मुलाला एकटं पाडणं हा यातला सगळ्यात मोठा घोटाळा.

शब्द-कामाची हीच रीत गणपतीत आरतीला लावा. घरोघरी 'फणिवरबंधना'चं 'फळीवर वंदना' होतं, 'उटी शेंदुराची'ची 'ओटी' होते आणि 'संकटी पावावे'चं 'संकष्टी पावावे'. मुलांना हसायला भरपूर मिळतं, आणि तेच हवंय. रोज एक ओळ: फणी म्हणजे नाग, तो कमरेला बांधलाय तो फणिवरबंधन, उटी म्हणजे अंगाला लावलेला लेप. 'निर्वाणी रक्षावे' म्हणजे अगदी शेवटच्या, गळ्याशी आलेल्या वेळी सांभाळ. दहा दिवसांत आरती समजून म्हणणारं मूल टाळ्यांचा ताल चुकवेल कदाचित, पण जांभया देणार नाही.

ताटावर

'वदनि कवळ घेता' म्हणून झाल्यावर टीव्ही लागत असेल तर ते म्हणूच नका. म्हणायचं असेल तर पहिल्या पाच घासांपर्यंत तरी पडदा बंद, मोठ्यांच्या हातातल्या फोनसकट.

'अन्न हे पूर्णब्रह्म' हे आठवड्यातून एकदा उलगडायचं. ताटातली एक वस्तू निवडा आणि मागे मागे जा. ज्वारीची भाकरी असेल तर: रब्बीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, काढणी फेब्रुवारी-मार्चात, मग मळणी, पोती, बाजार, गिरणी, परात, तवा. मूल हात मोजतं. आठ-दहा माणसं सहज होतात. त्यानंतर अर्धी भाकरी टाकताना ते स्वतःच थबकतं; थबकलं नाही तर 'टाकू नये' हा घरचा नियम आहेच. नियम पाळता यावा म्हणून वाढताना कमी वाढा: अर्धी पोळी, चमचाभर भाजी, हवी तर मागून घ्यायची. भरलेलं ताट पुढे ठेवून 'संपव' म्हटलं की अन्नाबद्दल आदर राहतो बाजूला, घशात कोंबणं तेवढं उरतं.

वाढायला मुलांना लावा. पाच वर्षांच्याला मीठ आणि लिंबाची फोड, डाव्या हाताला. सात वर्षांच्याला कोशिंबीर-चटणी, तीही डावीकडे, भाजी उजवीकडे. नऊच्या पुढे पोळ्या आणि पाणी. मुलगा-मुलगी असा फरक करायचा नाही. ताट उचलून, खरकटं काढून, सिंकमध्ये ठेवणं हे बाबांनी रोज केलं तर मुलाला सांगावं लागत नाही. बाबा हात धुऊन उठून गेले तर सांगून उपयोग नाही.

घरी कामाला येणाऱ्या मावशींना चहा कुठल्या कपात मिळतो, हे मूल बघत असतं. वेगळा, कान तुटलेला कप फळीच्या कोपऱ्यात ठेवलेला असेल तर दिव्यापाशी म्हटलेलं सगळं त्या कपात बुडालं समजा. कप सारखे करा. सणाचा पदार्थ ताजा असताना द्या, उरल्यावर नव्हे, आणि द्यायला मुलाला पाठवा.

मुठीच्या डब्याची जुनी रीत मुलांना फार आवडते. रोज भाताला तांदूळ घेतले की मुलाने त्यातली स्वतःची एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. सहा वर्षांच्या मुलाची मूठ 20-25 ग्रॅमची भरते. महिन्याला पाऊण किलोपर्यंत जमतात. डबा काचेचा किंवा पारदर्शक घ्या, वाढताना दिसला पाहिजे. किडे होऊ नयेत म्हणून चार कडुलिंबाची वाळलेली पानं टाका. महिनाअखेरीला अन्नछत्र, वसतिगृह किंवा ओळखीतलं गरजू घर. मुलाला सोबत न्या, पण फोटो काढू नका. गोव्यात पणजीला मुष्टिफंड नावाची जुनी शिक्षणसंस्था आहे. तिच्या नावातच ही मूठ आहे, हे सांगितलं की मुलाला आपला डबा किरकोळ वाटत नाही.

तिकिटाचं वय

एसटीत पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. साडेपाच वर्षांच्या मुलाला कंडक्टरसमोर 'चार म्हण' असं कानात सांगितलं, तर खरं बोलण्याचे पुढचे शंभर धडे वाया. उलटं करा. मूल पाच वर्षांचं झालं की पहिल्या प्रवासात त्यालाच सांगू द्या: 'मला पाच पूर्ण झाली, अर्धं तिकीट द्या.' पैसे त्याच्या हातात द्या. मुलाला हा मान वाटतो, आणि खरेपणाला किंमत पडते हेही हातात धरूनच कळतं.

'बाबा घरी नाहीत म्हण' हे फोनवरचं वाक्यही याच जातीचं. त्याऐवजी 'बाबा आत्ता बोलू शकत नाहीत' शिकवा. तेही खरंच आहे.

ही रीत एकाच धर्माची नाही. बौद्ध घरात दिव्याच्या जागी त्रिशरण-पंचशील असतं. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे, आणि त्याचा धडा याच एसटीत आहे. वसईच्या ख्रिस्ती घरात संध्याकाळची रोजरी, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना असते. शब्द ज्याचे त्याचे, जोडायचं काम सारखंच.

मुलाने खोटं बोलल्याचं उघड झालं तर 'देवबाप्पा बघतोय, शिक्षा करेल' हे हत्यार काढू नका. ते पाच-सहा वर्षांपर्यंत चालतं. पुढे मूल खोटं बोलतं, काहीच होत नाही, आणि त्याच्या लक्षात येतं की एकतर देव बघत नाही किंवा आई खोटं सांगते. दोन्हीत नुकसान आहे. घडलं ते विचारा, भरपाई करायला लावा: फोडलेली वस्तू जोडणं, लपवलेली वही परत नेऊन देणं. भरपाईला सोबत जा. आणि आपण चुकून ओरडलो असू तर दिव्यापाशी, सगळ्यांसमोर, 'मघाशी मी उगाच ओरडले, माझं चुकलं' असं म्हणा. एका वाक्यात. 'पण तूसुद्धा' जोडलं की माफी संपली.

झोपताना गोष्ट

सात मिनिटं, दिवा मंद, फोन दुसऱ्या खोलीत. संतांच्या गोष्टी मराठी घराला आयत्या मिळालेल्या आहेत, पण सगळ्या सगळ्या वयाला चालत नाहीत. जात्यावर जनाबाईला दळू लागणारा विठोबा चार वर्षांच्या मुलालाही कळतो. एकनाथांनी काशीहून रामेश्वराला नेत असलेलं कावडीतलं गंगाजल वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, ही सहाच्या पुढे. गोरोबांच्या पायाखाली मूल तुडवलं गेल्याची गोष्ट दहाच्या आत नको. लहान मुलं त्यात भक्ती ऐकत नाहीत, ते चिखलातलं मूल त्यांना दिसत राहतं.

गोष्ट संपली की तात्पर्य सांगू नका. एक प्रश्न विचारा आणि गप्प बसा. गाढवाच्या गोष्टीनंतर: 'बरोबरचे लोक काय म्हणाले असतील?' उत्तर आलं नाही तरी चालतं, सकाळी दात घासताना येतं. तुकोबांच्या उसाच्या गोष्टीत मात्र खबरदारी घ्या. वाटेत पोरांना वाटत वाटत मोळीतला एकच ऊस घरी पोचतो आणि त्यांची बायको आवली चिडून तो त्यांच्या पाठीत मारते. इथे मुलं खदखदून हसतात आणि आवली कजाग ठरते. तिची बाजूही सांगा: घरात पोरं भुकेली, डब्यात दाणा नाही. मग विचारा, 'तू घरात असतास तर कुणाच्या बाजूने?' एका गोष्टीवर दोन बाजू पेलायला शिकणं हे कुठल्याही श्लोकाहून कमी नाही.

अवघड प्रश्न

'देव दिसत का नाही?' असं विचारलं तर आपल्याला जे खरं वाटतं तेच सांगा. 'मलाही दिसला नाही, पण दिव्यापाशी बसलं की मन शांत होतं' हे उत्तर पुरतं. आई-बाबांपैकी एकजण देव मानत नसेल तर लपवू नका. त्याने थट्टा करायची नाही आणि दुसऱ्याने पापाची भीती घालायची नाही, एवढा करार घरात हवा. न मानणाऱ्यानेही दिव्यापाशी बसून पाढा म्हणायला हरकत नाही.

'आजोबा कुठे गेले?' याला 'देवाघरी' म्हणाल तर पुढचा प्रश्न 'परत कधी?' येतो. लहान मुलाला आधी सरळ सांगा की ते वारले, आता परत येणार नाहीत. मग देवाघरची गोष्ट. 'झोपलेत' कधीच नाही, मुलं झोपायला घाबरतात.

'माझ्या मैत्रिणीचा, सनाचा, देव वेगळा का?' याचं उत्तर डब्यात द्या. दिवाळीचा फराळ मुलाच्या हातून तिच्या घरी जाऊ दे, ईदेचा शीरखुर्मा आला की तो डबा रिकामा परत करायचा नाही, निदान साखर तरी घालायची. घरात दुसऱ्या धर्माबद्दल, जातीबद्दल मोठी माणसं जेवताना जे बोलतात ते मूल दिव्यापाशी म्हटलेल्यापेक्षा जास्त नीट पाठ करतं.

बिघडतं कुठे

पाहुणे आले की 'म्हणून दाखव' सुरू होतं. प्रार्थनेचा असा कार्यक्रम झाला की मूल टाळ्यांसाठी म्हणायला लागतं किंवा बंदच करतं. नमस्काराचंही तेच. मोठ्यांच्या पाया पडायला शिकवावं, पण मूल एखाद्यापाशी जायला कचरत असेल तर रेटू नका. लांबून हात जोडले तरी नमस्कार होतो, आणि आपलं अंग आपलं आहे हे त्याला कळलेलं बरं. वारकऱ्यांत तर लहान-मोठे एकमेकांच्या पाया पडतात. वारी गावावरून जात असेल तर मुलाला तेवढं दाखवायला जरूर न्या: पांढरी दाढीवाले आजोबा आपल्या पायांना हात लावतात, हे मूल विसरत नाही.

भावंडांची तुलना, 'बघ ताई कशी छान बसते', हे दिव्यापाशी वर्ज्य. परीक्षेच्या आधी 'पहिला आलास तर गणपतीला नारळ' असला सौदाही नको, कारण नंबर गेला की दोष देवाच्या खात्यावर पडतो. 'बाप्पा, अभ्यास नीट होऊ दे' एवढं मागायला शिकवा.

चार दिवस गावाला गेलात, घरात आजारपण आलं, दिवा राहिला, तर भरून काढायला जाऊ नका. पाचव्या दिवशी पुन्हा निरांजन. प्रवासात दिवा नसला तरी श्लोक आणि एक मूठ चालू ठेवता येते, मूठ परत आल्यावर मोजून टाकायची.

बारा-तेराव्या वर्षी मूल एक दिवस म्हणतं, 'मी नाही बसणार.' वाद घालू नका, बसवू नका. दिवा तुम्ही लावत राहा, त्याच्या जागेवर पाट असू द्या. फक्त त्याच्या वाटची कामं काढून घेऊ नका: आजीचा पाण्याचा पेला त्याच्याकडेच, आणि महिनाअखेरीला तांदळाचा डबा पोचवायलाही तोच.